'हेगला खेचा' म्हणजे नेमकं कुठे खेचा? एका डच शहराचं नाव न्यायाचं नाव कसं झालं

कुठेही युद्ध पेटलं, कुणा हुकूमशहाचा फोटो व्हायरल झाला, शेजारच्या देशाने काही आगळीक केली, की कमेंटमध्ये एक वाक्य हमखास दिसतं : "याला हेगला खेचा." लिहिणाऱ्याला शहर नकाशावर दाखवता येईलच असं नाही. पण हेग म्हणजे जगाचं कोर्ट, एवढं सगळ्यांना पाठ आहे.

गावाच्या नावाला असा दुसरा अर्थ चिकटणं मराठीला नवीन नाही. निवडणुकीत एखाद्याचा धुव्वा उडाला की आपण "पानिपत झालं" म्हणतो. तेव्हा हरियाणातलं ते शहर आपल्या डोक्यात नसतं, १७६१ असतं. "येरवड्याला पाठवा" म्हटलं की कुणी पुण्यातलं उपनगर समजत नाही. आमच्या जळगाव जामोदकडे एखाद्या शेताचा वाद "नागपूरला गेला" असं कुणी म्हणालं, तर तो हायकोर्टात गेला. बुलडाणा जिल्हा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो, त्यामुळे खंडपीठ शब्द वगळला तरी काम भागतं.

पानिपतला तो अर्थ एका दिवसात मिळाला. हेगला मात्र शंभरेक वर्षं लागली आणि तिथे लढाई वगैरे काही झाली नाही. कागद झाले, बैठका झाल्या, एक इमारत झाली. आणि मराठी माणसाशी संबंधित तीन मोठी प्रकरणं त्याच शहरात गेली : १९११, १९६० आणि २०१९. हेग काय करू शकतं आणि कुठे हात टेकतं, हे त्या तिघांवरून चांगलं कळतं.

आधी हे शहर कुठलं ते बघू

हेग नेदरलँड्समध्ये आहे, पण ती नेदरलँड्सची राजधानी नाही. राजधानी ॲमस्टरडॅम. संसद, मंत्रालयं, वकिलाती मात्र हेगमध्ये. शहराचं जुनं औपचारिक डच नाव 'स ग्राफेनहागे. अर्थ साधारण 'काउंटचं कुंपण'. तेराव्या शतकात हॉलंडच्या काउंटने शिकारीच्या रानाशेजारी वाडा बांधला आणि त्याभोवती वस्ती वाढली. गावाला तटबंदी नव्हती. एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत त्याला रीतसर शहराचा दर्जाही नव्हता, म्हणून युरोपातलं सगळ्यात मोठं खेडं अशी त्याची थट्टा व्हायची. रोजच्या डचमध्ये त्याला डेन हाख म्हणतात. आपण इंग्रजीच्या वाटेने आलेलं 'हेग' उचललं ते बरंच झालं. डच स्पेलिंग जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं असतं तर काय झालं असतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

हेगच्या शेजारी डेल्फ्ट नावाचं गाव आहे. १५८३ साली तिथे ह्यूगो ग्रोशियस जन्मला. युद्धालाही कायदा असतो, असं ठणकावून मांडणारा त्याचा ग्रंथ १६२५ साली आला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याआधी १६२१ साली तो राजकीय कैदेतून पुस्तकांच्या पेटीत लपून पळाला होता. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे लगेच पटतं. पण ग्रोशियस शेजारी जन्मला म्हणून हेगला हे नाव मिळालं, असं मात्र नाही. मुख्य कारण बरंच व्यवहारी होतं.

रशियाच्या झारला छोटं गाव हवं होतं

१८९८ साली रशियाचा झार निकोलस दुसरा याने सगळ्या देशांना निरोप धाडला, की शस्त्रांची स्पर्धा परवडेनाशी झाली आहे, तेव्हा एकत्र बसून बोलू. बसायचं कुठे? लंडन, पॅरिस, बर्लिन यातलं काहीही निवडलं तरी कुणीतरी रुसणार. बड्या सत्तेची राजधानी नको, म्हणून छोट्या आणि कुणाच्याही गटात नसलेल्या नेदरलँड्सचं नाव पुढे आलं. तिथली तरुण राणी विल्हेल्मिना झारच्या नात्यातली होती. शिवाय १८९३ पासून हेगमध्ये कायदेपंडितांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरत होत्या, म्हणजे पाहुणचाराची सवय होती.

१८ मे १८९९ ला, झारच्या वाढदिवशी, २६ देशांचे प्रतिनिधी हेगच्या एका राजवाड्यात जमले. शस्त्रं कमी करण्याचा विषय फारसा पुढे सरकला नाही. पण निघता निघता दोन गोष्टी झाल्या. युद्धाचे काही नियम लिहिले गेले आणि देशांनी भांडण मिटवायला यावं म्हणून एक कायमस्वरूपी लवाद न्यायालय ठरलं.

लवाद हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दोन भाऊ वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढण्याआधी पाच जाणती माणसं बसवतात, तसंच हे. दोन देशांनी मिळून पंच निवडायचे, प्रश्नही मिळून ठरवायचा आणि येईल तो निकाल मानायचा. कोर्ट म्हणजे खरं तर पंचांची एक यादी आणि एक कार्यालय.

१९०३ साली अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने या न्यायालयासाठी १५ लाख डॉलर दिले. त्यातून उभी राहिलेली लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत म्हणजे पीस पॅलेस, शांतता प्रासाद. बातम्यांमध्ये हेग म्हटलं की जो फोटो लावतात तोच. २८ ऑगस्ट १९१३ ला तिचं उद्घाटन झालं आणि वर्ष भरायच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं.

१९११ : सावरकर, मार्सेल आणि दोन नोबेल विजेते

पीस पॅलेस अजून बांधकामातच होता तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या भगूरच्या एका तरुणाचं प्रकरण हेगला पोचलं.

८ जुलै १९१०. विनायक दामोदर सावरकरांना अटक करून 'मोरिया' बोटीतून लंडनहून मुंबईला नेत होते. बोट फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उभी असताना त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. इथवरची गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. कायद्याची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

सावरकर फ्रान्सच्या जमिनीवर पोचले होते. तिथे त्यांना पकडायचा अधिकार फ्रान्सचा. एका फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि कुठलीही कागदोपत्री प्रक्रिया न होता ते परत बोटीवर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पॅरिसमध्ये मादाम कामा आणि कार्ल मार्क्सचा नातू ज्याँ लोंगे यांनी यावर आवाज उठवला. फ्रेंच समाजवाद्यांनी सरकारला धारेवर धरलं. मग फ्रान्सने ब्रिटनकडे मागणी केली, की आमच्या जमिनीवरून नेलेला माणूस आम्हाला परत द्या. २५ ऑक्टोबर १९१० ला दोन्ही देशांनी वाद हेगच्या लवादापुढे न्यायचा करार केला.

पाच पंच बसले. बेल्जियमचे माजी पंतप्रधान ऑग्युस्त बेर्नार्त अध्यक्ष, सोबत फ्रान्सचे लुई रेनो, आणि ब्रिटन, नॉर्वे, नेदरलँड्सचे एकेक. बेर्नार्त आणि रेनो दोघेही शांततेच्या नोबेलचे मानकरी. कागदावर याहून भारदस्त पंचमंडळ सापडणं अवघड होतं.

२४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला. पंच म्हणाले, अटक आणि सुपूर्दगी यात अनियमितता झाली हे खरं, पण ब्रिटनने फसवणूक किंवा बळजबरी केलेली नाही. फ्रेंच पोलिसांना कैदी बोटीवर असल्याची आधीच कल्पना होती आणि तो पळू नये यासाठी मदत करायचं ठरलं होतं. अशा परिस्थितीत कैदी परत करायला भाग पाडणारा कुठलाही आंतरराष्ट्रीय नियम नाही. थोडक्यात, चूक झाली, पण दुरुस्त करायचं बंधन नाही.

या खटल्यात सावरकर पक्षकार नव्हते. वाद फ्रान्स आणि ब्रिटनचा होता, प्रश्न फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा होता. ज्याचं आयुष्य पणाला लागलं त्याचं म्हणणं मांडायची सोयच नव्हती. तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्यांच्या पुस्तकात 'सावरकर केस' याच कारणाने आहे : बेकायदा पकडून आणलेल्या माणसाला परत द्यावं लागतं का, या प्रश्नाचं ते जुनं आणि बरीच टीका झालेलं उत्तर आहे.

१९६० : पेशव्यांची सनद हेगमध्ये वाचली जाते

दुसऱ्या महायुद्धानंतर शांतता प्रासादात नवीन बिऱ्हाड आलं. संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय १९४६ पासून तिथे बसू लागलं. १५ न्यायाधीश, मुदत ९ वर्षं. पंचांच्या यादीच्या जागी आता खरोखरीचं कोर्ट होतं. आपलं पुढचं प्रकरण इथलं आहे आणि मला विचाराल तर तिघांतलं सगळ्यात रंजक हेच. ते फारसं सांगितलं का जात नाही, कळत नाही.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून गाजलेले बाबासाहेब पुरंदरे त्यात होते. हे भाग समुद्रापासून आत, चारी बाजूंनी भारताने वेढलेले. पोर्तुगिजांना दमणहून तिथे फौज न्यायची तर भारतातून जावं लागणार, आणि भारताने वाट बंद केली.

पोर्तुगालने काय केलं बघा. १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं पत्र दिलं. आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध खटला दाखल! म्हणजे दार उघडल्यावर तीन दिवसांत आत. भारताने हे दार स्वतःसाठी आधीपासून उघडं ठेवलेलं होतं, त्यामुळे खटला चालवावाच लागला. जानेवारी १९५६ मध्ये भारताने आपलं संमतिपत्र बदलून घेतलं, पण तोवर उशीर झाला होता.

पोर्तुगालचं म्हणणं होतं, की १७७९ साली पेशव्यांशी पुण्यात झालेल्या तहाने आणि १७८३, १७८५ च्या सनदांनी हा मुलूख आमच्या मालकीचा झाला, म्हणून तिथे जायची वाटही आमच्या हक्काची. म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांच्या काळातले कागद डच शहरातल्या कोर्टात टेबलावर आले. जगभरच्या न्यायाधीशांपुढे 'जहागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांचा कीस पाडला गेला.

भारताची बाजू अशी, की सरंजाम म्हणजे मुलूख देऊन टाकणं नव्हे. वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल गोळा करून घ्यायची ती परवानगी, मालकी मराठ्यांचीच. कोर्टाला हे पटलं. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचं असतं तेव्हा त्यांच्या कागदात तसे शब्द येतात, या कागदांत ते नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडे जुन्या दफ्तरातल्या मोडी कागदांना फक्त इतिहास संशोधक विचारतात असा समज आहे. इथे त्यांच्यावर दोन देशांचा खटला हलला.

तरी निकाल सरळ नव्हता. १८१८ मध्ये इंग्रज आल्यावर त्यांनी आणि नंतर भारताने तिथली पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली होती, असं कोर्टाला दिसलं. म्हणून १२ एप्रिल १९६० चा निकाल तीन तुकड्यांत आला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता : ११ विरुद्ध ४ मतं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता : ८ विरुद्ध ७. भारताने वाट अडवून आपलं कर्तव्य मोडलेलं नाही : ९ विरुद्ध ६. मधला आकडा पुन्हा वाचा. एक मत फिरलं असतं तर पोर्तुगिजांना फौज नेण्याचा कायदेशीर दाखला मिळाला असता. भारताकडून या खटल्यापुरते नेमलेले न्यायाधीश होते मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला.

पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, दादरा आणि नगर हवेली रीतसर भारतात विलीन झाली आणि डिसेंबरात गोवाही मुक्त झाला.

आता नावाचा घोळ : हेगमध्ये कोर्टं किती?

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शांतता प्रासादात जुनं लवाद न्यायालय आहे आणि संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालयही आहे. दोन्हीकडे मुख्यतः देशांची भांडणं. आंतरराष्ट्रीय न्यायालय एखाद्या माणसाला तुरुंगात टाकू शकत नाही, तिथे आरोपीचा पिंजराच नाही.

माणसांवर खटले चालवण्याचा सिलसिला हेगमध्ये १९९३ नंतर सुरू झाला. युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या कत्तलींसाठी संयुक्त राष्ट्रांनी तिथे खास न्यायाधिकरण बसवलं. २००१ साली सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच तिथे नेला गेला, निकालाआधीच २००६ मध्ये कोठडीत वारला. तिकडच्या बातम्यांमध्ये तेव्हापासून 'हेगचा आरोपी' हा रुळलेला शब्दप्रयोग आहे. शहराचं नाव घेतलं की लोकांच्या अंगावर काटा यावा, हे या न्यायाधिकरणाने केलं. झारच्या परिषदेतून तो अर्थ आला नव्हता.

मग २००२ पासून कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय सुरू झालं. इंग्रजी आद्याक्षरं आयसीसी, म्हणून क्रिकेटवाल्या आयसीसीशी गल्लत होते आणि मीम्सना चारा मिळतो. पुतिन यांच्यावर २०२३ मध्ये आणि नेतन्याहू यांच्यावर २०२४ मध्ये निघालेली वॉरंटं इथली. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये पकडून इथेच आणलं. भारत या कोर्टाचा सदस्य नाही. १९९८ मध्ये रोमला त्याच्या करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला या कोर्टाकडे प्रकरणं पाठवायचा अधिकार मिळतो आणि अण्वस्त्रांच्या वापराला मात्र गुन्हा म्हटलेलं नाही, हे भारताचे मोठे आक्षेप होते.

२०१९ : कुलभूषण जाधव

नौदलाचे माजी अधिकारी, महाराष्ट्रातले कुलभूषण जाधव यांना ३ मार्च २०१६ ला अटक केल्याचं पाकिस्तानने सांगितलं. भारताला कळवलं २५ मार्चला. १० एप्रिल २०१७ ला लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. दरम्यान भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांना एकदाही भेटू दिलं नव्हतं.

भारत हेगला गेला खरा, पण कुठल्या दाराने? १९५५ च्या अनुभवानंतर भारताने आपलं संमतिपत्र बरंच राखून लिहिलं आहे. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद त्यातून वगळले आहेत. १९९९ मध्ये भारताने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं तेव्हा पाकिस्तान हेगला गेला होता आणि २००० साली याच कलमामुळे त्याचा खटला सुरू होण्याआधीच संपला. तेव्हा "कोर्टाला अधिकारच नाही" म्हणणारा भारत २०१७ मध्ये "कोर्टाला अधिकार आहे" असं म्हणत उभा होता. यात विसंगती नव्हती. या वेळी आधार वेगळा होता : वकिलाती संबंधांचा १९६३ चा व्हिएन्ना करार आणि त्यासोबतचा एक जोडकरार. दोन्ही देशांनी त्यावर सह्या केल्या होत्या आणि त्यात लिहिलं होतं, की या कराराबद्दल वाद झाला तर हेगला जाता येईल.

८ मे २०१७ ला अर्ज, १८ मे ला फाशी थांबवण्याचा आदेश. दहा दिवसांत. (१८ मे. झारची परिषद भरली तीच तारीख, निव्वळ योगायोग.) बाजू मांडली हरीश साळवे यांनी. नागपुरात शिकलेले, माजी केंद्रीय मंत्री आणि बीसीसीआयचे माजी अध्यक्ष एन. के. पी. साळवे यांचे चिरंजीव. त्यांनी फी म्हणून एक रुपया घेतल्याचं सुषमा स्वराज यांनी तेव्हा जाहीर केलं. न्यायपीठावर भारताचे दलवीर भंडारी होते, तेही एकेकाळी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती.

१७ जुलै २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १ असा भारताच्या बाजूने लागला. पाकिस्तानने करार मोडला, जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताला कळवायला उशीर केला, भेट नाकारली. त्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले गेले. पण निकालात दुसराही भाग होता. शिक्षा रद्द करा, सुटका करा, भारतात पाठवा, या मागण्या कोर्टाने फेटाळल्या. पाकिस्तानने भेटीची सोय करावी आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, तोवर फाशी द्यायची नाही, इतकंच मिळालं. फेरविचार कुणी करायचा? पाकिस्ताननेच.

हे कमी वाटत असेल तर अमेरिकेचं उदाहरण बघा. १९९९ मध्ये अशाच वादात जर्मन नागरिक वॉल्टर लाग्रँडची फाशीची शिक्षा थांबवा, असा आदेश हेगने दिला. अमेरिकेने तरीही त्याला मृत्युदंड दिला. असे आदेश बंधनकारकच असतात, असं कोर्टाने २००१ मध्ये स्पष्ट केलं, तोवर तो माणूस उरला नव्हता. हेगकडे स्वतःचा एक पोलीसही नाही. निकाल मोडला तर सुरक्षा परिषदेकडे जाता येतं आणि तिथे पाच देशांना नकाराधिकार आहे.

जाधव यांच्या बाबतीत फाशी थांबली, ती आजवर थांबलेली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना भेट मिळाली. ती मोकळेपणाने होऊ दिली नाही, अशी भारताची तक्रार राहिली. २०२१ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने फेरविचारासाठी कायदाही केला. जाधव मात्र परत आलेले नाहीत.

आणि आता सिंधूचं पाणी

हेग आपल्या बातम्यांमध्ये पुन्हा आहे, या वेळी जुन्या लवाद न्यायालयामुळे. सिंधू पाणी करारानुसार नेमलेल्या एका लवादाचं कामकाज तिथून चालतं. २०१३ मध्ये किशनगंगा प्रकल्पाच्या वादात भारत तिथे हजर होता, निकालही मानला. आताच्या लवादाची स्थापनाच कराराला धरून नाही, असं म्हणत भारताने त्यात भाग घेतलेला नाही. पहलगाम हल्ल्यानंतर भारताने करार स्थगित ठेवला, तेव्हा जून २०२५ मध्ये या लवादाने आपला अधिकार त्यामुळे संपत नाही, असा निर्णय दिला आणि भारताने तो त्याच दिवशी धुडकावला.